रिबन सोडून बाकी सगळं

कुत्र्यांच्या शोचं गणित एकदा कागदावर मांडून बघा, लगेच कळेल की हा मुळात हरण्याचाच छंद आहे. सकाळी शेकडो कुत्री येतात, प्रत्येक ब्रीडमधून एक पुढे जातं, मग ग्रुपमधून म्हणजे सारख्या प्रकारच्या ब्रीड्सच्या गटातून एक, आणि संध्याकाळी बेस्ट इन शो म्हणून एकच शिल्लक राहतं. बाकी सगळे हात हलवत घरी. बरं, जज तुमच्या कुत्र्याला बघतो तरी किती वेळ? अमेरिकन केनेल क्लबच्या शोमध्ये जजने तासाला साधारण २५ कुत्री बघावीत असा हिशोब असतो, म्हणजे एकाच्या वाट्याला धड अडीच मिनिटंही येत नाहीत. आणि त्या अडीच मिनिटांसाठी आपण काय काय केलेलं असतं, तर कुणाचं मेटिंग कुणाशी करायचं यावर महिनोन्‌महिने डोकं खाल्लेलं असतं, सगळ्या टेस्ट केलेल्या असतात, रात्ररात्र जागून पिल्लं वाढवलेली असतात, त्यातलं एक ठेवून घेतलेलं असतं आणि तेच नेमकं रिंगमध्ये शिरल्या शिरल्या खाली बसून कान खाजवायला लागतं.

लोक विचारतात मग करता कशाला हे? मी म्हणते मजा येते. त्यावर समोरचा माणूस ज्या नजरेने बघतो ना, त्यावरून कळतं की त्याला वाटतंय हिची कुत्री सारखी जिंकत असणार. तसं काही नाहीये हो. जिंकतो कधीतरी, नाही असं नाही, पण त्या कधीतरीच्या भरवशावर कुणी इतकी वर्षं टिकत नाही. म्हणून म्हटलं ही मजा नक्की कशात आहे ते एकदा नीट लिहून काढावं.

सुरुवात थोड्या इतिहासापासून करते कारण मला त्यात एक फार आवडणारी गोष्ट सापडलीय. कुत्र्यांचा पहिला रीतसर शो म्हणतात तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला १८५९ साली झाला. फक्त पॉइंटर आणि सेटर, बाकी कुठलंही ब्रीड नाही, आणि बक्षीस काय तर बंदूक! शिकारी लोकांचाच शो तो. त्यात गंमत अशी की पॉइंटरच्या जजचं कुत्रं सेटरमध्ये पहिलं आलं आणि सेटरच्या जजचं पॉइंटरमध्ये. त्यामुळे रिंगच्या बाहेर उभं राहून "सगळं सेटिंग आहे" म्हणायची परंपरा शोइतकीच जुनी आहे, ती आजही आम्ही मनापासून पाळतो. पण मला आवडते ती गोष्ट ही नाही, ती न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टरची. हा शो १८७७ मध्ये सुरू झाला, पहिल्याच वर्षी १,२०१ एन्ट्री आल्या होत्या. आणि तिथे बेस्ट इन शो हे बक्षीस पहिल्यांदा दिलं गेलं १९०७ साली, एका स्मूथ फॉक्स टेरिअरला. इंग्लंडच्या क्रफ्ट्स शोचंही तेच, शो १८९१ पासूनचा आणि बेस्ट इन शो १९२८ पासून. म्हणजे बघा, तीस तीस वर्षं लोक आपली कुत्री घेऊन येत होते आणि सगळ्यात वरचं असं बक्षीसच नव्हतं! आपल्या ब्रीडपुरतं काय मिळेल ते मिळायचं, आणि उरलेला दिवस दुसऱ्यांची कुत्री बघण्यात, त्यांना नावं ठेवण्यात आणि तुमच्या नराची पिल्लं कशी निघाली हे विचारण्यात जायचा. त्या लोकांना आपण काहीतरी अर्धवट करतोय असं वाटत असेल असं मला तरी वाटत नाही.

आमच्याकडे डाल्मेशियन आहेत. डाल्मेशियनवाल्यांच्या वाट्याला एक सुख असं येतं जे बाकीच्या ब्रीडवाल्यांना मिळतच नाही, ते म्हणजे ठिपक्यांची वाट बघणं. पिल्लं जन्मतात ती पांढरीशुभ्र. एकही ठिपका नाही. नवीन माणूस बघायला आला की हमखास विचारतो, हे डाल्मेशियनच आहेत ना? पण पिल्लू ओलं असताना नीट निरखून बघितलंत तर कातडीच्या आत कुठेकुठे फिक्कट सावल्या दिसतात, पोटावर जरा जास्त, आणि मग साधारण दहा-बारा दिवसांनी केसांत राखाडी काहीतरी उगवायला लागतं. आधी वाटतं धूळ बसलीय. मग कळतं की धूळ नाही. तिथून पुढे रोज सकाळी पिल्लांच्या बॉक्समध्ये डोकं घातलं की काहीतरी नवीन असतंच, काल नव्हता तो ठिपका आज कानामागे आला, नाकाचा गुलाबी रंग एका कडेने काळा व्हायला लागला, पंजाच्या गाद्यांवर शाई सांडल्यासारखे डाग पडले. आणि हे काही आठवड्यात संपत नाही, वर्ष उलटून गेलं तरी बारीक बारीक ठिपके येतच राहतात. आमच्या घरात यावर पैज लागते. मुलीची पैज नेहमी शेपटीवर असते, कारण तिच्या मते शेपटीवर ठिपके आले की कुत्रं "पूर्ण" झालं. स्टँडर्डमध्ये, म्हणजे ब्रीड कसं दिसावं याच्या लेखी नियमांत, लिहिलंय की ठिपके गोल, स्पष्ट, एकमेकांत न मिसळलेले हवेत, एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्टँडर्डप्रमाणे दोन ते तीन सेंटिमीटर व्यासाचे. पिल्लाला मात्र स्टँडर्ड वाचता येत नाही, त्यामुळे दोन ठिपके मिसळून बदामासारखा आकार झाला तरी त्याला त्याचं काही नसतं.

पण मी जरा पुढे पळाले. आधी पिल्लं यायला तर हवीत.

कुत्रीचे दिवस ६३ धरतात, थोडं पुढेमागे होतं. शेवटच्या आठवड्यात फ्रिजवर एक तक्ता लागतो, तिच्या टेम्परेचरचा. एरवी ३८-३९ सेल्सिअसच्या मध्ये असणारं टेम्परेचर व्यायच्या साधारण आदल्या दिवशी एकदम उतरतं, ३७ च्या आसपास येतं, आणि त्यामुळे घरातला प्रत्येक माणूस पाणी प्यायला गेला की तक्ता वाचून येतो. नवऱ्याला कुत्र्यांतलं फारसं कळत नाही असं तो स्वतःच सांगतो, पण रात्री उठून तक्ता तोच जास्त वेळा बघतो हे मला माहितीये. मग ती अंथरूण उकरायला लागते, सगळी फडकी एका कोपऱ्यात गोळा करते, परत उकरते, परत धापा टाकत आपल्याकडे बघते. पहिलं पिल्लू आलं की पुढचं सगळं तिलाच माहीत असतं, नाळ तोडणं, वार खाणं, पिल्लाला चाटून चाटून रडवणं. आम्ही आपले बाजूला टॉवेल घेऊन बसलेले, अडलं तर हात लावायला आणि गाडीची चावी खिशात ठेवून, कारण डॉक्टरकडे पळावं लागतं तेव्हा चावी शोधायला वेळ नसतो.

पहिला आठवडा मला सगळ्यात जास्त आवडतो, आणि हे ऐकून लोक हसतात कारण त्या आठवड्यात पिल्लं काहीच करत नाहीत. डोळे बंद, कान बंद, थंडी वाजली तर अंगाला कापरंसुद्धा भरत नाही कारण ती सोयच अजून चालू झालेली नसते, शू करायची तरी आईने चाटल्याशिवाय होत नाही. म्हणून बॉक्स तीस अंशांच्या आसपास गरम ठेवावा लागतो आणि त्याच्या शेजारी बसलेला माणूस घामाने भिजून जातो. पण दूध पिताना सगळी एका सुरात जो बारीक गुणगुण आवाज काढतात ना, तो ऐकत बसलं की फोन बघायची इच्छा होत नाही, आजच्या काळात याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय असणार. चीक पोटात जाणं पहिल्या दिवसातच महत्त्वाचं, कारण त्यातल्या अँटिबॉडीज आतड्यातून रक्तात शिरायची खिडकी साधारण २४ तासांत बंद होते, त्यामुळे लहानखुऱ्या पिल्लाला धरून धरून मागच्या सडाला लावायचं काम असतं, तिथे दूध जास्त असतं. तगडी पिल्लं त्याला ढकलून देतात, आपण परत लावायचं. ते एकदा चिकटलं आणि पुढचे पाय मळायला लागलं की मला जे समाधान होतं ते मी कुठल्याही रिबनशी बदलणार नाही, हे अगदी खरं सांगते.

झोपेत ती सारखी उडत असतात. पाय झटकतात, ओठ हलवतात, मध्येच भुंकल्यासारखं करतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं फिट येतेय की काय. उलट आहे, या वयात झोपेत हलणारं पिल्लू ठीक असतं, गपगार पडून राहणाऱ्याची काळजी करायची. सगळी पांढरी असल्यामुळे ओळखायला गळ्यात रंगीत लोकर बांधतो आणि मग रंग हीच त्यांची नावं होतात. "जांभळीने आज कमी वजन वाढवलंय", "हिरवा परत आईच्या मागे अडकलाय". वजन रोज, ठरलेल्या वेळी, वहीत. सात ते दहा दिवसांत जन्माचं वजन दुप्पट व्हायला हवं. ही वही म्हणजे नुसते आकडे आहेत पण एखादं पिल्लू दोन दिवस अडकून तिसऱ्या दिवशी वर सरकलं की त्या आकड्याभोवती मी गोल काढते, आणि जुन्या वह्या चाळताना ते गोल दिसले की कोणतं पिल्लू ते लगेच आठवतं, चेहऱ्यासकट.

आता जरा अवघड विषयाकडे येते, कारण तो सोडून नुसती गोड गोड मजा लिहिली तर ते खोटं होईल. डाल्मेशियनमध्ये जन्मजात बहिरेपण बरंच आहे. अमेरिकेतल्या हजारो कुत्र्यांच्या चाचण्यांत साधारण ८ टक्के दोन्ही कानांनी आणि २२ टक्के एका कानाने बहिरी निघाली होती. कारण रंगातच आहे. ज्या जीन्समुळे अंग एवढं पांढरं होतं त्यांच्यामुळे आतल्या कानात रंगपेशी कमी पडतात, आणि त्या नसल्या की ऐकणाऱ्या बारीक पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरून जातात. घरी टाळ्या वाजवून, भांडी आपटून काही कळत नाही कारण एका कानाने ऐकणारं पिल्लू अगदी नॉर्मल वागतं, आणि दोन्ही कानांनी न ऐकणारं पिल्लूसुद्धा भावंडं उठली की उठतं. म्हणून पाच-सहा आठवड्यांचं झाल्यावर बीएईआर ही ऐकण्याची टेस्ट करायची. डोक्यावर कातडीखाली बारीक सुया, कानात टिक टिक आवाज, आणि स्क्रीनवर रेघ. रेघेत उंचवटे आले तर तो कान ऐकतोय. सपाट आली तर नाही.

त्या स्क्रीनकडे बघतानाचा वेळ हा छोटा आनंद म्हणायचा की मोठी भीती ते मला सांगता येणार नाही. डावा कान, उंचवटे, बरं. उजवा कान... आणि येईपर्यंत श्वास अडकलेला. पूर्ण लिटर, म्हणजे एका वेतातली सगळी पिल्लं, दोन्ही कानांनी ऐकतं निघालं त्या दिवशी आम्ही गाडीत घरी येताना मुद्दाम जोरात गाणी लावली होती आणि मागे क्रेटमधून सगळी एकदम कोकलायला लागली. नेहमी असं होत नाही. एका कानाचं पिल्लू उत्तम आयुष्य जगतं, पण त्याला ब्रीड करत नाही, आणि हे घेणाऱ्याला आधी स्पष्ट सांगायचं.

यातच एक चीड आणणारी गोष्ट आहे. काही पिल्लं जन्मतानाच पॅच घेऊन येतात, म्हणजे कानावर किंवा डोळ्याभोवती मोठा काळा किंवा ब्राऊन डाग, बाकी सगळी पांढरी असताना हा एकटा रंग लावून आलेला. ठिपका आणि पॅच यात फरक तोच, पॅच जन्मापासून असतो. आता अभ्यासातून असं दिसलंय की पॅचवाल्यांमध्ये बहिरेपण कमी आढळतं, आणि ते पटण्यासारखंही आहे, रंग जास्त म्हणजे रंगपेशी जास्त. पण शोमध्ये? अमेरिकन स्टँडर्डमध्ये पॅच म्हणजे डिस्क्वालिफाय, एफसीआयमध्येही तेच. म्हणजे ऐकण्याच्या बाबतीत ज्याचं नशीब बरं असण्याची शक्यता जास्त, त्यालाच आम्ही रिंगच्या दारातून परत पाठवतो. माझ्या मते हा नियम बदलायला हवा. हे मी शोमध्ये बोलले की दोन गट पडतात आणि चहा थंड होईपर्यंत भांडण चालतं.

नियम बदलू शकतात हे याच ब्रीडने दाखवलंय म्हणून मी आशा सोडत नाही. डाल्मेशियनच्या लघवीत युरिक अॅसिड जास्त असतं, त्याने खडे होतात, विशेषतः नरांमध्ये लघवी अडते आणि ते फार वेदनादायक असतं. ब्रीडमध्ये इतकं पसरलेलं की निरोगी जीन उरलंच नव्हतं. १९७३ साली रॉबर्ट शायबल नावाच्या जेनेटिक्सवाल्या माणसाने एका पॉइंटरशी एकच क्रॉस केला आणि नंतर पिढ्यान्‌पिढ्या परत डाल्मेशियनशीच मेटिंग करत नेलं, ते एक चांगलं जीन तेवढं जपत. शुद्ध रक्तवाल्यांनी केवढा दंगा केला. ते जीन नक्की कुठलं हे २००८ मध्ये सापडलं आणि २०११ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने ती लाइन रजिस्टर करायला मान्यता दिली. जवळजवळ चाळीस वर्षं! त्या माणसाने इतकी वर्षं फक्त शेवटच्या निकालाकडे बघून काढली असतील का, मला शंका आहे. प्रत्येक लिटरमध्ये एखादं नॉर्मल रिपोर्टवालं पिल्लू निघत असेल, ते हातात घेऊन तोही खूश होत असेल, आपल्यासारखाच.

मी पहिली कुत्री ज्या मावशींकडून घेतली त्यांच्याकडे पेडिग्रीच्या म्हणजे कुत्र्यांच्या वंशावळीच्या वह्या आहेत. पाच पिढ्यांची पेडिग्री म्हणजे ६२ नावं. मी पहिल्यांदा कौतुकाने वाचायला लागले तर चॅम्पियन, चॅम्पियन, चॅम्पियन असं लाल शाईतलं मोजत बसले होते. मावशी म्हणाल्या, "अगं ते काय मोजतेस, इकडे बघ." आणि प्रत्येक नावाच्या कडेला त्यांनी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. किती वर्षं जगला, कशाने गेला. "खडे, सहा वर्षं." "बहीण एका कानाने बहिरी." "मुलं आवडायची." आणि मध्येच एका आजीच्या नावापुढे "पंधरा वर्षं, म्हातारी होऊन गेली, शेवटपर्यंत जेवली". मला ती वही कुठल्याही कपापेक्षा जास्त श्रीमंत वाटते. तेव्हापासून मीही तेच करते, जुन्या लोकांना फोन करून विचारते, तुमचा अमुक कशाने गेला हो? समोरचा माणूस आधी दचकतो आणि मग तासभर बोलतो. कुणी आपल्या मेलेल्या कुत्र्याबद्दल इतक्या वर्षांनी विचारतंय याचंच त्यांना अप्रूप असतं. कुणी माहिती लपवतातही, पण ते आवाजावरून कळतं.

सख्खी भावंडं एकमेकांशी मेट केली तर पिल्लांचा इनब्रीडिंगचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या मेटिंगचा, आकडा २५ टक्के होतो, चुलत-मामे भावंडांची ६.२५. हे एकदा डोक्यात बसलं की सगळ्यात जास्त जिंकलेला नर सगळ्यांनीच वापरायचा या सवयीची भीती वाटायला लागते. मावशींचा नियम साधा आहे, ज्याच्यामागे सगळे पळतायत त्याच्या भावाकडे बघून ये. भावाला कुणी विचारत नाही, तो घरी सोफ्यावर लोळत असतो आणि बरेचदा तब्येतीने तोच बरा असतो. असे सोफ्यावरचे भाऊ बघायला जाणं हा माझा आवडता कार्यक्रम आहे. मालकाला आपल्या कुत्र्याचं कुणी कौतुक करेल अशी अपेक्षाच नसते, आणि आपण त्याचे खांदे चाचपून, दात बघून, "जरा पळवून दाखवता का" म्हटल्यावर माणसाचा चेहरा जो उजळतो!

आता शो. शोच्या सकाळी आम्हा डाल्मेशियनवाल्यांचं एक सुख म्हणजे आम्हाला काही करायचंच नसतं. पूडलवाले पहाटेपासून टेबलावर कात्री घेऊन उभे, अफगाण हाउंडवाले ब्रश करकरून थकलेले, आणि आम्ही ओल्या फडक्याने पुसलं की तयार. ते आमच्याकडे जरा रागानेच बघतात. याची वसुली घरी होते म्हणा, कारण हे केस वर्षभर गळतात, काळ्या कपड्यांवर पांढरे आणि पांढऱ्यांवर काळे, आणि सोफ्यात ते असे रुततात की व्हॅक्युम हरतो. माझ्या शोच्या कोटाच्या खिशाला कुत्र्यांच्या खाऊसाठी सुकवलेल्या लिव्हरचा वास कायमचा बसलाय, लग्नाला चुकून तोच कोट घातला तर यजमानांचं कुत्रं जेवण सोडून माझ्या मागे.

डाल्मेशियन हे घोडागाडीबरोबर पळणारं कुत्रं. मैलोन्‌मैल, कधी शेजारून तर कधी आसाखालून. घोड्यांच्या बंबांच्या काळात आगीच्या गाडीपुढे रस्ता मोकळा करत पळायचं. म्हणून या ब्रीडमध्ये चाल हेच सगळं. उभं असताना सुंदर दिसणारी बरीच असतात, जज जेव्हा सरळ जाऊन परत यायला सांगतो तेव्हा खरं काय ते कळतं. ट्रेनिंगमध्ये आपण महिनोन्‌महिने वेग शोधत असतो, जरा जोरात गेलं की उड्या मारतं, हळू गेलं की घसटत चालतं, आणि मग एखाद्या दिवशी, बहुतेक वेळा कुणीही बघत नसताना साध्या मैदानात, पट्टा हातात अगदी सैल होतो, ते मान पुढे टाकून एका लयीत ट्रॉट करायला लागतं आणि आपले पायही त्या लयीत पडतात. बस. त्या वेळी पाठीची रेघ हलत नाही, फक्त खाली पाय चालत असतात. रिंगमध्ये हे झालं तर उत्तमच, नाही झालं तरी मी ते बघितलंय की नाही? जजने नाही बघितलं हा त्याचा तोटा. (हरल्यावर हे वाक्य फार उपयोगी पडतं, वापरून बघा.)

आणि व्हेटरन्स क्लास कुणी चुकवू नये. एफसीआयच्या शोमध्ये आठ वर्षांपासून पुढची कुत्री यात येतात. तोंड पांढरं झालेलं, कंबर जराशी घट्ट, काहींना कमी ऐकू येतं, पण रिंगमध्ये पाय टाकला की सगळं आठवतं त्यांना, कोपऱ्यावर कसं वळायचं, टेबलाजवळ कुठे थांबायचं. एरवी एकमेकांशी न बोलणारे लोक या क्लासला शेजारी शेजारी उभे राहून टाळ्या वाजवतात. आमची बिजली या वयात रिंगमध्ये गेली ती मधूनच लाइन सोडून थेट जजकडे, शेपूट हलवत, जणू जुनी ओळख आहे. जजने वाकून तिचे कान धरले आणि काहीतरी बोलला तिच्याशी. नंबर आला नाही. काय बोलला ते तिने आम्हाला सांगितलं नाही.

पिल्लं आठ आठवड्यांची झाली की जायला लागतात. या भागाबद्दल थोडक्यातच लिहिते. घेणाऱ्याला मी प्रश्न विचारते, बरेच विचारते, काहींना राग येतो आणि ते दुसरीकडे जातात, त्याचं मला वाईट वाटत नाही. कार्टूनपायी ठिपक्यांचं कुत्रं हवं म्हणून आलेल्यांना मी आधी एक तास पळणाऱ्या जनावराची कल्पना देते, मग दुसरा तास केसांची. तरी ज्यांना हवं असतं त्यांना मग द्यायचं. पहिला फोटो साधारण त्याच रात्री येतो, पिल्लू पलंगावर. "पलंगावर घेऊ नका" असं त्यांनीच दुपारी वहीत लिहून घेतलेलं असतं.

डाव्या कानावर मोठा काळा पॅच असलेला आमचा एक पठ्ठ्या अशाच एका घरी गेला. दोन्ही कान उत्तम, चाल अशी की मावशी बघून हळहळल्या, पण पॅचमुळे ब्रीडच्या रिंगला कायमचा रामराम. त्या घरच्यांनी त्याला अॅजिलिटीत म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत घातला, तिथे डागांचं कुणाला काही पडलेलं नसतं, अडथळा पाडला की नाही आणि वेळ किती लागला एवढंच. मागच्या शोला आम्ही ब्रीडमध्ये सकाळीच बाहेर पडलो होतो, मोकळेच होतो, म्हणून त्याला बघायला गेलो. काय पळत होता! बोगद्यातून निघाला, सीसॉवर चढला, खांब्यांमधून नागमोडी काढली, एकही चूक नाही, शेवटच्या दोन उड्या राहिलेल्या. आणि तेवढ्यात दोरीच्या बाहेर उभी असलेली बिजली त्याला दिसली. आजी आहे त्याची. रिंग सोडून, दोरीखालून, थेट तिच्या अंगावर. जजने हात वर केला, एलिमिनेटेड. त्याची मालकीण डोक्याला हात लावून हसत हसत आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी हिला घरी ठेवून या ना प्लीज." मी हो म्हणाले, पण ठेवणार नाहीये.